चाळीस हजेऱ्या

परक्या मुलखातल्या कादंबऱ्या आपण का वाचतो, ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. नवे देश दिसतात, नव्या चालीरीती कळतात, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. पण काही कादंबऱ्या अशा असतात की त्यांतला देश परका, धर्म परका, खाणेपिणे परके, आणि तरीही त्यांतला एखादा साधासा नियम वाचताना आपण एकदम थबकतो. हा नियम तर आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, असे मनात येते. फिलिप रॉथ ह्या अमेरिकन ज्यू कादंबरीकाराची ‘इंडिग्नेशन’ ही २००८ साली प्रसिद्ध झालेली छोटेखानी कादंबरी मला अशांपैकी वाटते. तिच्यातला नियम एवढाच: पदवी हवी असेल तर विद्यार्थ्याने कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात चाळीस वेळा हजर राहिले पाहिजे. ह्या चाळीस हजेऱ्यांपायी एका एकोणीस वर्षांच्या मुलाचा जीव जातो.

‘हजेरी’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. मी शाळेत शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, त्यामुळे कॉलेजचे आयुष्य मला भेटले ते कादंबऱ्यांतून; हजेरीपटाशी मात्र माझा रोजचा संबंध आहे. तेव्हा ह्या पुस्तकाकडे मी थोडी कादंबऱ्या लिहिणारी म्हणून आणि थोडी हजेरी घेणारी म्हणून पाहिले, तर वाचकांनी ते चालवून घ्यावे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. मराठी माणसाला ज्यू नवा नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण ह्या बाजूंना बेने इस्राएल मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्यांची आडनावे किहीमकर, राजपूरकर अशी आपल्यासारखीच, आणि घरची भाषा मराठी. हाईम सॅम्युएल किहीमकर ह्यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढच्या काळात निस्सिम इझिकेल ह्यांच्यासारखा कवी मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजात शिकला. आपल्याकडे ज्यू हा शेजारी होता. त्याचे वेगळेपण शनिवारच्या बंद घाण्याएवढे. गावाने त्याला एक नाव दिले आणि विषय तिथेच मिटला. त्यामुळे अमेरिकेतल्या ज्यू विद्यार्थ्याची घुसमट आपल्याला सहजासहजी कळायची नाही. ती समजावून घ्यावी लागते.

तिथली गोष्ट निराळी होती. अमेरिकेतली पुष्कळशी जुनी कॉलेजे ख्रिस्ती पंथांनी काढलेली. प्रार्थनेची सक्ती हा त्यांच्या शिस्तीचाच भाग होता. हार्वर्डने ती १८८६ साली उठवली, येलने १९२६ साली. लहानसहान गावांतल्या कॉलेजांत ती त्यानंतरही बरीच वर्षे टिकली. ह्याच हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल ह्यांनी १९२२ साली ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घालण्याची सूचना पुढे आणली होती, हेही विसरता येत नाही. म्हणजे एका दाराने प्रार्थना बाहेर गेली आणि दुसऱ्या दाराने शिरगणती आत आली! विद्यार्थ्यांच्या ‘फ्रॅटर्निटी’ नावाच्या मंडळांतून ज्यूंना बहुधा मज्जाव असे. म्हणून ज्यू विद्यार्थ्यांनी आपली वेगळी मंडळे काढली. त्यांतले ‘झीटा बीटा टाऊ’ हे १८९८ सालचे. १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात ‘हिलेल’ ही ज्यू विद्यार्थ्यांची संस्था सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. तिथे सणवार साजरे होत आणि घरापासून लांब आलेल्या मुलाला आपल्या माणसांत चार घटका बसता येई.

रॉथ ह्या साऱ्यातून स्वतः गेलेला माणूस. त्याचा जन्म १९३३ सालचा, न्यूअर्क शहरातला. एक वर्ष घराजवळच्या कॉलेजात काढून तो १९५१ साली पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल ह्या, बाप्टिस्ट पंथीयांनी स्थापलेल्या विद्यापीठात गेला आणि १९५४ साली तिथून पदवीधर झाला. कादंबरीतले कॉलेज मात्र त्याने ओहायो राज्यात नेऊन बसवले आहे आणि त्याला नाव दिले आहे वाइन्सबर्ग. शेरवुड अँडरसनच्या १९१९ सालच्या प्रसिद्ध कथासंग्रहातले हे कल्पित गाव. अमेरिकन वाचकाला ते नाव ऐकताच जुने, सालस, आतून कुढणारे खेडेगाव आठवते. रॉथने त्याच गावात आपला ज्यू पोरगा आणून सोडला आहे.

ह्या पोराचे नाव मार्कस मेसनर. बाप न्यूअर्कमधला कोशेर खाटीक, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे कापलेले, रक्त निचरलेले मांस विकणारा. मार्कस एकुलता एक, घराण्यातला कॉलेजात जाणारा पहिलाच. बापाच्या दुकानात कोंबड्या साफ करता करता तो एक धडा शिकला आहे: काम किळसवाणे असले तरी करायचे ते करायचेच. अभ्यासात तो पहिला, वागणुकीत चोख. पण तो कॉलेजात जाऊ लागतो आणि बापाच्या मनात एकाएकी भय शिरते. मुलगा उशिरा आला की मेला असेल असे त्याला वाटते. घरातली दोन तरुण मुले मागच्या महायुद्धात गेलेली, कोरियात नवे युद्ध पेटलेले. एका रात्री तो मुलाला बाहेर ठेवून दाराला कुलूप घालतो. मार्कस लायब्ररीतून परत आलेला असतो! ह्या भयाला कंटाळून तो शेकडो मैल दूरचे कॉलेज निवडतो. निवडतो कशावरून? तर माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरच्या एका ऐटदार विद्यार्थ्याच्या चित्रावरून. चित्रातल्यासारखे कपडेही तो विकत घेतो. हा तपशील मला फार आवडला. आपण जे नाही ते होण्याची सुरुवात माणूस कपड्यांपासूनच करतो.

वाइन्सबर्गला पोचल्यावर पहिली गंमत अशी घडते की, ख्रिस्ती मुलांत राहून पाहावे म्हणून आलेल्या ह्या मुलाला जी खोली मिळते तिच्यात बाकीचे तिघेही ज्यूच असतात. कुणी अपमान केलेला नाही, कुणी कडवट बोललेले नाही. कचेरीत बसून कुणीतरी नीटनेटकी व्यवस्था लावली आहे, एवढेच. बारा मंडळांपैकी ज्यूंना प्रवेश दोनच मंडळांत. शनिवार-रविवारच्या सुमारास मार्कस गावातल्या खाणावळीत वाढप्याचे काम करतो. तिथे गिऱ्हाइके त्याला हाक मारतात. ती हाक ‘यू’ आहे की ‘ज्यू’, हे गोंगाटात त्याला कळत नाही. तो मनाशी ठरवतो की ‘यू’च आहे, काम करायचे तर असेच ऐकले पाहिजे. मला वाटते, अल्पसंख्य माणसाच्या रोजच्या जगण्याविषयी ह्याहून नेमके चित्र क्वचितच कुणी काढले असेल. उघड द्वेष असेल तर त्याच्याशी भांडता येते. आपण ऐकले ते खरे की आपल्या मनाचा खेळ, हा संशय मात्र माणसाला आतून दमवून टाकतो.

आता चाळीस हजेऱ्यांकडे वळू. दर बुधवारी प्रार्थनामंदिरात प्रवचन असते आणि तिथे हजेरीची चिठ्ठी द्यावी लागते. मार्कसला ते सहन होत नाही. इथे पुष्कळ वाचक घसरतात असे मला वाटते. ते म्हणतात, ज्यू मुलाला ख्रिस्ती प्रार्थनेला बसवले म्हणून तो चिडला. पुस्तकात तसे नाही. मार्कस प्रार्थनेला विरोध करतो तो ज्यू म्हणून नव्हेच. त्याला कुठलाच देव मान्य नाही. ज्यूंच्या प्रार्थनेची सक्ती असती तरी तो असाच उठला असता. बर्ट्रंड रसेलचे १९२७ सालचे ख्रिस्ती धर्माविरुद्धचे प्रसिद्ध व्याख्यान त्याला तोंडपाठ आहे. मंदिरात बसून तो मनातल्या मनात चिनी राष्ट्रगीत म्हणतो, लहानपणी युद्धकाळात चीन हा मित्रदेश असताना शाळेत शिकलेले. पुस्तकाचे नाव त्या गीताच्या भाषांतरातल्याच एका शब्दावरून आले आहे. मराठीत ‘सात्त्विक संताप’ म्हटले तर ते जवळ जाते. पुढे कोरियात ह्या मुलावर संगिनी चालतात त्या चिनी सैनिकांच्याच. लेखक ह्यावर भाष्य करीत बसत नाही, हे त्याचे मोठेपण.

कादंबरीचा गाभा म्हणजे मार्कस आणि डीन कॉडवेल ह्यांची भेट. जेम्स शेमस ह्यांनी २०१६ साली ह्या पुस्तकावर चित्रपट काढला, त्यातही हा प्रसंग बराच मोठा ठेवला आहे, आणि ते योग्यच झाले. मार्कसने थोड्या आठवड्यांत दोनदा खोली बदलली म्हणून डीनने त्याला बोलावले आहे. डीन सभ्य आहे. हळू आवाजात बोलतो, मुलाची हुशारी मानतो. पण प्रश्न कसे विचारतो पाहा: प्रवेशअर्जात वडिलांचा धंदा ‘खाटीक’ एवढाच का लिहिला, ‘कोशेर खाटीक’ का नाही? मार्कसच्या दृष्टीने त्याने खरे तेच लिहिले. डीनच्या दृष्टीने त्याने काहीतरी झाकले. एकदा ह्या नजरेने पाहायचे ठरवले की मुलाचे काहीच सरळ राहत नाही. खोली बदलली तरी धर्म, मित्र जोडले नाहीत तरी धर्म, वाद घातला तरी धर्म.

तरीही रॉथने डीनला खलनायक केलेले नाही, आणि मार्कसलाही निव्वळ हुतात्मा केलेले नाही. मार्कस उद्धट आहे. त्याला थांबता येत नाही. समोरच्याला हरवल्याशिवाय त्याला जिंकल्यासारखे वाटत नाही. डीनचा मूळ प्रश्न तसा रास्तच आहे: बाळ, तुला कुणाबरोबरच राहता येत नाही, पुढे कसे होणार? शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न आपलाच वाटेल. दुःख इतकेच की प्रश्न खरा असूनही डीनजवळचा उपाय मात्र एकच आहे, आणि तो म्हणजे हजेरी.

पुस्तकातल्या ज्यू मुलांकडे एकत्र पाहिले तर लेखकाचा विचार अधिक उघड होतो. फ्लसर नावाचा मुलगा सगळ्यांशी वैर धरून, रात्री-अपरात्री मोठ्याने ग्रामोफोन लावून खोलीत राहतो. सनी कॉटलर हा देखणा, चतुर, ज्यू मंडळाचा पुढारी. त्याला कॉलेजातले सगळे मार्ग ठाऊक. प्रार्थना नको ना? मग पैसे देऊन दुसऱ्याला बसव, तो तुझ्या नावाची चिठ्ठी देईल, असा व्यवहारी सल्ला तो मार्कसला देतो. म्हणजे एकाने जगाकडे पाठ फिरवली, दुसऱ्याने जगाशी सौदा केला. मार्कसला पहिले जमत नाही आणि दुसरे करण्याचा त्याचा पिंड नाही. पण शेवटी तो कॉटलरचे ऐकतो, आणि प्रामाणिकपणाच्या ह्या हट्टी पुतळ्याच्या हातून जी एकुलती एक लबाडी होते तिच्यातच तो सापडतो. बदली बसणारा पकडला जातो. माफीचे पत्र लिही आणि चाळीसऐवजी ऐंशी वेळा हजर राहा, असे त्याला सांगण्यात येते. तो डीनला एक अर्वाच्य शब्द सुनावतो. कॉलेज सुटते. विद्यार्थी म्हणून मिळालेली सक्तीच्या लष्करभरतीची सूट संपते. १९५२ सालच्या मार्चमध्ये कोरियातल्या एका टेकडीवर तो मरतो.

ह्या पुस्तकाचे म्हणणे काय, असे कुणी मला विचारले तर मी सांगेन: सक्तीच्या प्रार्थनेतून श्रद्धा निर्माण होत नाही, खोट्या हजेऱ्या निर्माण होतात. संस्थेलाही ते ठाऊक असते. कॉटलरसारखी मुले बदली बसवतात, ते कुणाच्या कानावर गेले नसेल असे मानणे कठीण आहे. तिला माणसाचे मन नको असते, त्याची चिठ्ठी हवी असते. जो हसतमुखाने खोटी चिठ्ठी देतो त्याला ती सामावून घेते. जो खरे बोलून चिठ्ठी नाकारतो त्याचा तिला राग येतो. वाइन्सबर्गमध्ये ह्याचा चटका ज्यू मुलाला अधिक बसतो, कारण तो आधीच मोजला गेलेला असतो. बहुसंख्य समाजातला मुलगा प्रार्थनेला दांडी मारतो तेव्हा तो आळशी ठरतो; अल्पसंख्य समाजातला मुलगा तेच करतो तेव्हा त्याच्या मागे त्याची सगळी जमात उभी केली जाते. एकाच अपराधाची ही दोन मापे रॉथने कुठेही आवाज न चढवता दाखवली आहेत.

हे वाचताना मला आपल्या शाळांतली सकाळची प्रार्थना आठवली नसती तरच नवल. रांगा लावून, हात जोडून, डोळे मिटून मुले उभी असतात. डोळे उघडे असतात फक्त आम्हा शिक्षकांचे, कारण कुणाचे ओठ हलत नाहीत हे आम्हांला पाहायचे असते. त्या वेळी त्या पटांगणात प्रार्थना न करणारे जर कुणी असेल तर ते आम्हीच! रांगेत एखादे मूल निराळ्या घरचे असते. ते ओठ हलवते, कधी हलवत नाही. हलवले तर आम्ही त्याला ‘गुणी’ म्हणतो. त्या कौतुकात आपण नेमके कशाला शाबासकी देतो, हे मी पूर्वी स्वतःला विचारले नव्हते. प्रार्थना नसावी असे माझे म्हणणे नाही. मुलांनी मिळून एका सुरात काही म्हणावे ह्यात आनंद आहे. परंतु त्या सुराचा हजेरीपट झाला की आनंद जातो आणि चाळीसचा आकडा तेवढा उरतो.

पुस्तकात उणिवा आहेत. ऑलिव्हिया ही मार्कसला भेटलेली मुलगी दुःखी आहे, तिच्या मनगटावर जुन्या जखमेचा वण आहे. त्या दोघांमधला प्रसंग घरगुती अंकात विस्ताराने सांगावा असा नाही. पण अडचण तीही नव्हे. अडचण अशी की ह्या मुलीच्या मनात शिरण्याची तसदी लेखकाने घेतलेली नाही. मार्कसला ती जेवढी कळली तेवढीच ती आपल्याला कळते, आणि त्याला ती फारच थोडी कळली. विद्यार्थ्यांच्या दंगलीनंतर कॉलेजच्या अध्यक्षांचे भाषण येते, तेही जरा लांबले आहे. मार्कस ही कथा मेल्यानंतर सांगतो आहे असे आपल्याला आधी वाटते, आणि शेवटी कळते की तो मॉर्फीनच्या गुंगीत अखेरचे श्वास मोजत होता. ही युक्ती काहींना कृत्रिम वाटेल. मला ती पटली. जे झाले ते पुन्हा पुन्हा आठवत बसण्याखेरीज ज्याच्या हाती काही उरले नाही, त्याला दुसरे काय सुचणार?

उणिवांच्या पलीकडे एक पात्र मात्र सगळ्यांना पुरून उरते. ते म्हणजे मार्कसची आई. दुकानात नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून राबलेली, रुंद हातांची बाई. मुलाचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाल्यावर ती त्याला भेटायला येते आणि सांगते की, तुझ्या बापाच्या भयापुढे मी हरले, आता काडीमोड घेणार. मग तिची नजर ऑलिव्हियाच्या मनगटावर जाते. ती एका दृष्टिक्षेपात सारे ओळखते आणि मुलाशी सौदा करते: तू हिला सोड, मी तुझ्या बापाला सोडत नाही. किती कठोर, आणि तरी किती मायेचे! ह्या बाईत न्यूअर्कचे ज्यू घर जेवढे दिसते तेवढे कुठल्याही सणाच्या वर्णनात दिसले नसते.

आणि तो बाप? त्याचे भय वेडेपणाचे होते. पण मुलगा त्या भयापासून पळाला, पळून त्या कॉलेजात गेला, आणि बाप म्हणत होता तेच घडले. लहानशा, किरकोळ, हसू यावे अशा गोष्टींतून माणसाचा सर्वनाश होऊ शकतो, हे त्या अडाणी खाटकाला पुस्तके न वाचता कळले होते. दुकानातल्या सुऱ्या, निचरणारे रक्त आणि टेकडीवरच्या संगिनी ह्यांचे नाते लेखकाने पहिल्या पानांपासून जुळवत आणले आहे. दुकानात निदान एक शास्त्र होते. जनावराला यातना कमी व्हाव्यात म्हणून सुरीला धार कशी असावी ह्याचे नियम होते. टेकडीवर तसले काही नव्हते.

कादंबरीच्या शेवटी रॉथने एक लहानशी ऐतिहासिक टीप जोडली आहे. तीही कल्पितच. १९७१ साली वाइन्सबर्गच्या विद्यार्थ्यांनी बंड केले आणि प्रार्थनामंदिराची सक्ती रद्द झाली, असे तिच्यात कोरडेपणाने सांगितले आहे. वास्तवातही काळ तसाच वळला. तिथल्या लष्करी विद्यालयांतली प्रार्थनेची सक्ती १९७२ साली न्यायालयाच्या निर्णयाने संपली. नियम गेला, कॉलेज राहिले, आणि कुणाचेही काही बिघडले नाही. वाचक ती टीप वाचतो आणि त्याचे मन नकळत हिशेब करू लागते. त्या साली मार्कस चाळिशीच्या उंबरठ्यावर असता. कदाचित वकील झाला असता, तसाच भांडकुदळ, पोराबाळांचा. चाळीस हजेऱ्यांच्या बदल्यात काय गेले, ते ह्या हिशेबात कळते. रॉथ २०१८ साली वारला. त्याची मोठी, गाजलेली पुस्तके पुष्कळ आहेत. ज्यांच्या घरात शिकणारे मूल आहे आणि ज्यांच्या हातात मुलांची हजेरी आहे, त्यांनी मात्र आधी हे लहान पुस्तक वाचावे, असे मला मनापासून वाटते.